निळी फुली

बागेत पहिली पिवळी फुलं आली ती फाटकाजवळच्या झुडपांना. सकाळच्या फेरीला येणारी मंडळी थांबून थांबून बघायला लागली. थंडी हटली, आता गुडघे जरा ऐकतील, कानटोप्या ट्रंकेत जातील, म्हणून जो तो खूश. एकटे सुतारमिस्त्री तेवढे ती फुलं बघून दचकले, मागून कुणी खांद्यावर हात ठेवावा तसे.

मिस्त्रींचं वसंताशी काही वाकडं नव्हतं. त्यानं थोडा उशीर करावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. येत्या सोमवारी करवतवाले येऊन जाईपर्यंत त्यानं कळ काढावी, मग काय फुलायचं ते खुशाल फुलावं.

झालं होतं असं. बागेच्या मागच्या कुंपणाला लागून एक उंच झाड होतं. सरळसोट, कुठं वाक नाही की गाठ नाही. मागच्या वर्षी इतर झाडांच्या कितीतरी आधी त्याची पानं गळाली आणि एका अंगाची साल सुटायला लागली. बाग सांभाळणाऱ्या माळीणबाई काळजीत पडल्या. वादळात झाड कुंपणापलीकडच्या रस्त्यावर कोसळलं तर निस्तरायचं कुणी? कडाक्याच्या थंडीत एक दिवस त्यांनी फेरी मारणाऱ्या मिस्त्रींना हाक मारली.

"मिस्त्री, तुमचा जन्म लाकडात गेला. जरा बघता का, यात जीव आहे की गेला?"

मिस्त्रींनी बघितलं. म्हणजे सुतार बघतो तसं बघितलं. बोटांच्या पेरांनी बुंध्यावर टकटक केलं, कान लावला. एक बारकी फांदी वाकवली, ती काडकन मोडली. मोडल्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाले, "वाळलंय. कोरडंठाक आहे आतून."

मिस्त्रींच्या शब्दाला मान होता. लोक त्यांच्याकडे फळी घेऊन येत. ही दाराला चालेल का, हिला कीड धरेल का, पावसाळ्यात फुगेल का. मिस्त्री टिचकी मारून सांगत आणि ते सांगत तसंच होई. त्यामुळे माळीणबाईंनी पुढं काही विचारलं नाही. करवतवाल्यांनी भलतंच झाड पाडू नये म्हणून खूण हवी होती, तर मिस्त्रींनी घरून खिडकीचा उरलेला निळा ऑइलपेंट आणला आणि बुंध्यावर फुली मारली. तीही कशी, गुण्या लावून आखल्यासारखी. चारी टोकं सारखी.

बाई त्या दिवशी असंही म्हणाल्या होत्या, "बुंधा तुम्ही घेऊन जा, मिस्त्री. नाहीतर जळणातच जायचा."

हे त्या कधी म्हणाल्या? मिस्त्री 'वाळलंय' म्हणाले त्याच्या आधी, की नंतर? मिस्त्रींना आठवत नव्हतं. आणि जसजशी थंडी सरत गेली तसतसा हा एकच किडा त्यांच्या डोक्यात वळवळायला लागला.

कारण बुंधा त्यांना हवा होता. परगावी राहणाऱ्या मुलीला दिवस गेले होते आणि फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, पाळणा तुमच्या हातचा हवा. दुकानातला मी घरात घेणार नाही, आधीच सांगून ठेवते." दुकान बंद केल्यापासून मिस्त्रींना कुणी काही बनवून मागितलं नव्हतं. फोन ठेवला आणि ते स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायले. पण पाळणा करायचा कशाचा? बाजारात मिळतात त्या भुसा दाबून केलेल्या फळ्या. त्यांना मिस्त्री लाकूड म्हणत नसत, पुठ्ठा म्हणत. आणि ओलं लाकूड आणलं तर ते सुकेपर्यंत पोर चालायला लागायचं. उभ्या उभ्या वाळलेलं, सरळ रेघेचं झाड म्हणजे पाळण्यासाठीच वाढवून ठेवल्यासारखं. 

म्हणून मिस्त्री रोज बागेत जात होते आणि जी चिन्हं बघायला बाकीचे येत तीच चिन्हं दिसू नयेत म्हणून जीव मुठीत धरून चालत होते.

फेरीच्या मंडळींत एक मास्तर होते. शाळा सुटली तरी शिकवायची खोड सुटलेली नाही, असे. गळ्यात दुर्बीण. बागेत नवं काही आलं की ते आधी आपल्याला दिसलं पाहिजे, आणि मग सगळ्यांना दाखवलं पाहिजे.

"मिस्त्री, इकडे या. ही मुंगी बघितलीत?"

"मुंगी काय बघायची?"

"थंडीभर एक नव्हती. आज रस्त्याच्या चिरेतनं रांग लागलीय. जमीन तापली म्हणायची. आणि चिमण्या बघा, बागेच्या कार्यालयाच्या पायपुसण्याचा काथ्या उपसून नेतायत. बांधकाम सुरू झालं."

मिस्त्रींनी बघितलं. पायपुसण्याचा एक कोपरा खरंच टक्कल पडल्यासारखा दिसत होता. नळ गळतो त्या बाकाखाली गवत पोपटी झालं होतं. तळ्याकाठच्या झाडांच्या फांद्यांवर गाठीगाठींनी कोंब फुगले होते, लांबून बघितलं तर फांद्यांना तांबूस धूर लागल्यासारखा वाटायचा. म्हाताऱ्या बायका उन्हातला बाक सोडून सावलीतल्या बाकावर सरकल्या होत्या. 

"आता तुमचं ते फुलीवालं तेवढं राहिलं," मास्तर म्हणाले.

"ते गेलंय."

"गेलंय खरं. पण काही झाडं आळशी असतात हो. माझ्या वर्गात एक होता असाच. सगळा वर्ग उत्तर देऊन बसला की मग याचा हात वर."

"बरोबर असायचं का उत्तर?"

"कधी कधी," मास्तर म्हणाले आणि दुर्बीण पुसायला लागले.

मिस्त्रींनी जरा वेळानं, सहज मागितल्यासारखं करून, दुर्बीण मागितली. मागच्या कुंपणाशी जाऊन झाडाच्या शेंड्यावर रोखली. आधी नुसतं धुकं दिसलं, मग एका कावळ्याचं ढुंगण दिसलं, मग फांद्या. फांद्या उघड्या होत्या. कोंब नाही, काही नाही. मिस्त्रींनी श्वास सोडला. पण तो सुटकेचा श्वास धड सुटतही नव्हता, छातीत कुठंतरी कुसळासारखा अडकून राहत होता.

घरी तर त्यांच्या पायाला भिंगरी लागली. दाराच्या बिजागरींना तेल घातलं, दुसऱ्या दिवशी परत घातलं. कुरकुरत नसलेला ड्रॉवर काढून घासला, मग तो सैल झाला म्हणून पट्टी ठोकत बसले. बायको खिडकीशी मशीनवर बाळासाठी दुपटी शिवत होती. तिनं पाय थांबवला.

"अहो, बसा तरी एका जागी. बुडाला काय खिळे आलेत?"

"बसलोच आहे."

"हे बसणं झालं? कोंबडी अंडं घालायच्या आधी करते तसं चाललंय तुमचं."

मिस्त्री बसले. लगेच उठले. "मी वाळलंय म्हटलं, की आधी त्या लाकूड घेऊन जा म्हणाल्या?"

"मी होते का तिथं?" बायको म्हणाली. हा प्रश्न तिनं इतक्यांदा ऐकला होता की आता ती वर बघतही नव्हती. "आणि लाकूडच हवंय ना? मग ते बाकडं आहे की."

बाकडं म्हणजे मिस्त्रींचं कामाचं बाकडं. दुकान बंद केलं तेव्हा तेवढं एक घरी आणलं होतं. जाड, जुनं, कडक लाकूड. करवतीच्या चुकार खुणांनी आणि पटाशीच्या टोच्यांनी त्याचा वरचा भाग देवी आलेल्या तोंडासारखा झाला होता.

"ते मोडू?" मिस्त्री म्हणाले. "माझा जन्म गेला त्याच्यावर."

"जन्म गेला तो गेला. आता माझ्या बरण्या असतात त्याच्यावर," बायको म्हणाली आणि तिनं परत मशीन सुरू केलं.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी ठरवलं की आज झाडाकडे जायचंच नाही. उद्या करवतवाले येतील, विषय संपेल. तळ्याला वळसा घालून सरळ घरी यायचं. पण पाय कुणाचं ऐकतात? तळं मागं पडलं आणि मिस्त्री मागच्या कुंपणाशी उभे राहिले. समोरच्या बाजूनं बघितलं, रोजच्यासारखंच. मग काय मनात आलं कोण जाणे, वाळका पालापाचोळा तुडवत ते बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला गेले. त्या बाजूला कुणी जात नसे, कुंपण आणि झाड यांत माणूस जेमतेम मावे.

तिथं, गुडघ्याच्या उंचीला, साल फोडून एक कोंब आला होता.

तांबूस. करंगळीएवढा. टोकाला इवली पानं घड्या घालून, मिटलेल्या छत्रीसारखी. वरून काहीतरी चकाकत होतं, लाखेचा हात मारल्यासारखं.

मिस्त्री वाकले. त्यांचं गुडघ्याचं दुखणं त्या क्षणी कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. आजूबाजूला कुणी नव्हतं. कुंपणापलीकडून एक सायकल गेली, तिची घंटी लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिली. 

आणि त्यांचा हात गेला. विचार करायच्या आधी गेला. रंधा मारलेल्या फळीवर एखादी काडी उभी राहिलेली दिसली की नखानं ती ओढून काढायची, ही हाताची उभ्या जन्माची सवय. पण ही काडी सुकी नव्हती. ती सरळ तुटली नाही, खालची सालीची पट्टी ओरबाडत घेऊन आली. खाली ओला, पांढरा ओरखडा उघडा पडला. ज्या माणसानं कधी कुणाच्या घरात खरबरीत कड सोडली नाही त्याच्या हातून असलं काम झालं होतं.

मिस्त्रींनी कोंब खिशात घातला आणि निघाले. फाटकाशी मास्तर भेटले.

"काय मिस्त्री, आज नवीन काही?"

"काही नाही."

घरी येऊन त्यांनी हात धुतले. बोटांना चीक लागला होता, तो साबणानं जाईना. रॉकेलनं पुसले, वास उलट जास्तच यायला लागला. गोडसर, उग्र, ताज्या चिरलेल्या लाकडाचा. एरवी हा वास आला की त्यांना बरं वाटायचं. जेवायला बसले तर घास तोंडाशी नेताना तोच वास. ताट तसंच सरकवलं.

बायकोनं ताटाकडे बघितलं. तिनं त्यांचा खुंटीवरचा सदरा उतरवला, खिशापाशी नाक नेलं, आत हात घातला आणि कोंब काढून खिडकीच्या उजेडात धरला. उलटसुलट करून बघितला.

"ओलं आहे हे."

मिस्त्री परत बोटं पुसायला लागले.

"मेलेल्या झाडाला असलं येतं होय?"

"एक कोंब आला म्हणजे झाड जगलं असं नसतं," मिस्त्री म्हणाले. "कधी कधी मरताना पण..."

"ते मला नाही कळत. मी शिवणवाली. मला एवढंच सांगा, झाड आतून ओलं असलं तर त्याच्या पाळण्याचं काय होतं?"

हे तर कुणीही सांगितलं असतं. मिस्त्रींनी आपल्या हाताखालच्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट होती ती. ओलं लाकूड सुकताना पीळ खातं. सांधे सुटतात. दांड्या वाकतात. असल्या पाळण्यात ते कुणाच्या पोराला झोपवू देणार नव्हते, स्वतःच्या नातवंडाचं तर सोडाच. 

"मग तोडलात कशाला?" बायकोनं विचारलं. आवाज चढवला नाही, सुई-दोरा मागावा तसं विचारलं.

कोंब दिसला त्या क्षणापासून त्या बुंध्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. हे त्यांच्या हाताला तिथल्या तिथं कळायला हवं होतं. पाळणा मध्ये आलाच नव्हता. मध्ये होता तो फक्त त्यांचा शब्द, निळ्या रंगात लिहिलेला, चारी टोकं सारखी.

बायकोनं एका कपात पाणी घेतलं, त्यात कोंब ठेवला आणि कप खिडकीत ठेवून दिला. "पोर झोपेल कशातही," ती म्हणाली. "तुम्ही कशात झोपणार ते बघा."

झोप काही लागली नाही. उजाडताना मिस्त्री उठले तेव्हा कपातल्या कोंबानं एक घडी उलगडली होती. 

ते बागेत पोचले तर करवतवाले त्यांच्या आधी हजर. दोघं होते, एक जाडा आणि एक लुकडा. जाड्यानं झाडाच्या वरच्या फांदीला दोर बांधला होता, लुकडा यंत्राच्या करवतीत तेल ओतत होता. माळीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"या मिस्त्री," त्या म्हणाल्या. "आत्ता तुमचीच वाट बघत होते. बुंध्याचे तुकडे केवढे पाडायचे ते सांगा यांना."

"पाडू नका," मिस्त्री म्हणाले.

"अखंड नेणार? कसा नेणार?"

"झाडच पाडू नका, बाई. माझं चुकलं. जीव आहे याच्यात."

जाड्यानं लुकड्याकडे बघितलं. लुकडा म्हणाला, "आजोबा, मी वर दोर बांधून उतरलोय हो आत्ता."

"मी बांधला," जाडा म्हणाला.

"तेच ते."

माळीणबाईंनी वर बघितलं, मग मिस्त्रींकडे. "परवा मी अख्खं झाड बघितलंय. एक कोंब नाही. तुम्हीच सांगितलंत वाळलंय म्हणून, आणि आता ऐन वेळी पाय मागं घेता? उद्या हे रस्त्यावर पडलं तर लोक तुम्हाला नाही धरणार, मला धरतील."

मिस्त्रींनी खिशातून ओल्या चिंधीत गुंडाळलेला कोंब काढला. "हा याला आला होता."

"हा?" बाईंनी बघितलं. "असले कोंब आज बागभर आहेत, मिस्त्री. हा याचाच कशावरून?"

त्यांचं बरोबर होतं. कोंब झाडावर असता तर दाखवता आला असता. झाडावर नव्हता, कारण तो मिस्त्रींच्या हातात होता.

"या," मिस्त्री म्हणाले.

ते बुंध्याच्या पलीकडे शिरले. माळीणबाई मागून आल्या. जाडा आणि लुकडा दोन बाजूंनी माना घालून बघत राहिले. मिस्त्री गुडघ्यावर बसले आणि त्यांनी ओरखडा दाखवला. रात्रीतून त्यावर चिकाचे थेंब जमले होते. मग त्यांनी कोंब घेतला आणि त्याची ओरबाडलेली साल त्या ओरखड्यावर आणली. पहिल्यांदा तो बाजूला सरकला. त्यांनी श्वास धरला, डावा हात उजव्या मनगटाखाली टेकू म्हणून लावला आणि परत बसवला.

पट्टी वरच्या फाट्यापासून खालच्या टोकापर्यंत बसली. जिथं साल दातेरी तुटली होती तिथं दात्यात दाता गेला. मध्ये एक बारीक तंतू राहिला होता, तोसुद्धा आपल्या जागी पडला. जन्मभर मिस्त्रींनी सांधे जुळवले, पण इतका बिनचूक सांधा त्यांच्या हातून क्वचितच झाला असेल. आणि कोंब स्वच्छ कापला असता तर मुळीच जुळवून दाखवता आला नसता.

लुकडा हळूच म्हणाला, "याचाच आहे की."

"हे तोडलं कुणी?" माळीणबाईंनी विचारलं.

"मी."

"कधी?"

"काल."

मिस्त्रींना वाटलं आता त्या ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लाकूड हवं होतं तर सांगायचं," त्या म्हणाल्या. "दुसरीकडून बघितलं असतं."

"लाकडासाठी नाही तोडलं. ओल्याचा पाळणा होत नाही."

"मग?"

"मी वाळलंय म्हणालो होतो ना," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी कोंब त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या पदराच्या टोकात बांधला, का ते त्यांनाच ठाऊक. मग कुंपणाकडून बाहेर येत जाड्याला म्हणाल्या, "दोर सोड. सुक्या फांद्या तेवढ्या छाटा, सालटं सुटलंय त्या अंगाच्या. बाकी राहू दे."

"बाई, पुढच्या आठवड्यात परत बोलावणार असाल तर..."

"नाही बोलावत." आणि मिस्त्रींकडे न बघता, "यापुढं उभ्या झाडांचं माझं मी बघीन. तुम्ही आडव्या लाकडाचं बघा. तळ्याजवळचा बाक कुरकुरतोय, कुणाचं लक्ष नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. निघताना त्यांनी समोरच्या फुलीवरून अंगठा फिरवून बघितला. ऑइलपेंट सालीच्या चिरांत मुरून बसला होता. खरवडायचा तर साल सोलावी लागली असती.

घरी आले तेव्हा बरण्या जमिनीवर भिंतीला ओळीनं मांडलेल्या होत्या आणि बाकडं मोकळं होतं. बायको मशीनवर होती. मिस्त्री बाकड्याशी गेले, वाकून एका डोळ्यानं त्याच्या कडेवरून बघितलं, बाजू बदलून परत बघितलं.

"काय बघताय?"

"रेघ," मिस्त्री म्हणाले. "सरळ आहे अजून."

झाडाला पुढं पालवी आली, सगळ्यांच्या मागून आणि एकाच अंगाला. त्यावर मास्तरांनी आठवडाभर भाषण केलं. फुली मात्र तशीच राहिली. कुणी नवखं बागेत आलं की तिच्यापुढं थबकायचं. एक दिवस एक बाई कडेवरचं मूल सावरत फेरीच्या मंडळींच्या बाकाशी आली आणि म्हणाली, "ते मागचं झाड कापणार आहेत का हो? चांगलं हिरवं आहे."

"नाही," मिस्त्री म्हणाले.

"मग ती फुली कुणी मारली?"

बाकावरचे सगळे एकदम तळ्याकडे बघायला लागले. मास्तरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, तीही उलटी.

"मी," मिस्त्री म्हणाले, आणि उठून कुरकुरणाऱ्या बाकाकडे निघाले. त्याचा खिळा त्यांनी कालच ठोकला होता, तरी पुन्हा एकदा बघून यावं असं त्यांना वाटलं.